वाचकांचे प्रश्न : संगणकावर लिहिताना लक्ष कसे टिकवावे?

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. एका दिवाळी अंकासाठी पंचगंगेच्या महापुरांवर लेख लिहीत आहे. रात्री जेवणे आटोपली की संगणकासमोर बसते. पण एखादा परिच्छेद होतो न होतो तोच २०१९ च्या पुराचा आकडा पाहण्यासाठी इंटरनेटकडे वळते आणि मग पुराच्या चित्रफिती, बातम्या, व्हॉट्सॲपवरचे निरोप यांतच तास निघून जातो. सूचना बंद करून पाहिल्या, तरी फारसा फरक पडला नाही. मराठी टायपिंगही मी ब्राउझरमध्येच, इंग्रजी अक्षरांतून करते. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की सरळ कागदावर लिहा. काय करावे?

उत्तर : मराठी टायपिंग ब्राउझरमध्ये करत असल्याचे आपण जाता जाता लिहिले आहे, पण अडचणीचे मूळ आम्हाला तेथेच दिसते. एक अक्षर उमटवायचे तरी ब्राउझर उघडा ठेवावा लागतो आणि त्याच पट्टीवर, बोटभर अंतरावर, बातम्या व चित्रफिती हजर असतात. अशा मांडणीत लक्ष उडाले तर त्याचा दोष स्वतःच्या मनोबलाला देऊ नये.

सूचना बंद करूनही उपयोग का झाला नाही, याचे उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासक ग्लोरिया मार्क यांच्या कामात सापडते. संगणकावर काम करणाऱ्या माणसांचे प्रत्यक्ष निरीक्षण केल्यावर त्यांना असे दिसले की कामातील जवळपास निम्मे व्यत्यय बाहेरून येत नाहीत, माणूस स्वतःच हातातले काम सोडून दुसरीकडे वळतो. एकाच पडद्यावर सलग टिकणारे लक्ष २००४ च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटांचे होते, ते अलीकडच्या काळात ४७ सेकंदांवर आले, अशीही त्यांची नोंद आहे. अभ्यासक सोफी लरॉय यांनी २००९ साली मांडलेला मुद्दाही येथे लागू पडतो : अर्धवट सोडलेल्या कामात मनाचा काही अंश अडकून राहतो आणि पुढचे काम उरलेल्या लक्षावर होते. आकडा पाहून आपण लेखाकडे परत येता, तेव्हा मन काही काळ त्या चित्रफितीतच असते.

म्हणून आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : लिहिणे आणि शोधणे या दोन बैठका कराव्यात, आणि लिहिण्याच्या बैठकीत इंटरनेटची गरजच पडू नये अशी व्यवस्था लावावी.

त्यासाठी आधी टायपिंग ब्राउझरबाहेर काढावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक मिळतो. विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इंग्रजी अक्षरांचीच सवय असेल तर मराठी फोनेटिक हा पर्यायही विंडोज १० आणि ११ मध्ये आहे. तरीही ज्यांना वर्षानुवर्षे मराठीत लिहायचे आहे त्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावे, असे आम्हाला मनापासून वाटते. त्याची रचना वर्णमालेला धरून आहे. मधल्या ओळीत उजव्या हाताखाली प, र, क, त, च, ट ओळीने येतात, आणि शिफ्ट दाबले की प चा फ, क चा ख, त चा थ, च चा छ, ट चा ठ होतो. काना, वेलांट्या, उकार डाव्या हाताकडे असतात. सुरुवातीला वेग मंदावेल, म्हणून हा सराव दिवाळी अंकाचा लेख पाठवून झाल्यावर करावा आणि सध्या फोनेटिकवर भागवावे. दोन्हींना इंटरनेट लागत नाही, तेव्हा लिहायला बसताना वायफाय खुशाल बंद करता येते. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, नाहीतर वायफाय बंद करण्याला अर्थ उरत नाही.

आता आकड्यांचा प्रश्न. जेथे माहिती अडेल तेथे थांबू नये, कंसात एक खूण ठेवून पुढे जावे. उदाहरणार्थ : ‘राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी (शोध) फुटांपर्यंत चढले.’ वाक्याचा ओघ तुटत नाही आणि काय हवे आहे तेही नेमके नोंदले जाते. दुसऱ्या दिवशी, शक्यतो दिवसा, कंट्रोल आणि एफ दाबून या साऱ्या खुणा शोधाव्यात, त्यांची यादी करावी आणि मगच इंटरनेट सुरू करावे. यादी हातात असली की शोधाला शेवट असतो. एखाद्या शब्दाचे शुद्धलेखन अडले तरी हीच रीत ठेवावी.

लक्ष न विचलित करणारी खास लेखन-सॉफ्टवेअरेही मिळतात. फोकसरायटर त्यांपैकी एक, विनामूल्य आणि पूर्ण पडदा व्यापणारे. ते वापरायला हरकत नाही, परंतु वायफाय सुरूच असेल तर केवळ मोकळ्या पडद्याने फार काही साधत नाही.

आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला चुकीचा नाही, मात्र संपूर्ण लेख हाताने लिहून पुन्हा टंकित करण्यात शाळा सांभाळून लिहिणाऱ्या व्यक्तीचे दुप्पट श्रम जातात. कागद आराखड्यासाठी आणि अडलेल्या जागांसाठी वापरावा : लेखाचा आरंभ, किंवा १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ या पुरांपैकी कोणत्या पुराला किती जागा द्यायची, हे पानभर कागदावर ठरवून घ्यावे आणि ते पान कळफलकाशेजारी ठेवून सलग टंकन करावे.