भागीत धंदा, पण कुणासोबत?

भागीदारीबद्दल विचारणारी बरीच पत्रं साचली आहेत. त्यातले पाच प्रश्न आज घेते.

प्रश्न : शाळेपासूनच्या मित्रासोबत धंदा सुरू करायचा विचार आहे. वीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही. त्याच्याइतका विश्वास दुसऱ्या कुणावर नाही. पुढे जायला हरकत नाही ना?

वीस वर्षांत भांडण नाही, हे वाचूनच मला काळजी वाटली. मैत्रीत न पटलं तर विषय बदलता येतो, चार दिवस फोन न करता राहता येतं. धंद्यात ती सोय नाही. माल देणाऱ्याचे पैसे आज द्यायचे की पुढच्या महिन्यात, हे आजच ठरवायचं असतं आणि बाहेर दोघांनी एकच सांगायचं असतं. तुमचा मित्र तुमच्या विरोधात बोलतो कसा, चूक झाली तर स्वतःहून सांगतो का, हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही.

भागीदार होऊ पाहणारी जोडी माझ्याकडे आली की मी दोघांना एकेक कोरा कागद देते. एकमेकांचं न बघता पाच उत्तरं लिहायची. घरी एक पैसा न नेता किती महिने निघतील? स्वतःचे किती पैसे बुडाले तर सोसेल? आठवड्याला किती तास देणार? पाच वर्षांनी हा धंदा चालवायचा आहे की विकायचा? आणि काय झालं तर बंद करायचा?

एकदा असेच दोन जिवलग मित्र समोर बसले होते. पहिल्या प्रश्नापुढे एकाने १८ लिहिलं होतं. दुसऱ्याने आधी २ लिहून खोडलं होतं आणि शेजारी ३ केलं होतं. कागद अदलाबदल झाले तेव्हा दोघंही त्या खोडलेल्या आकड्याकडे बघत राहिले. मित्राच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे हे पहिल्याला ठाऊक होतं, हप्ता किती ते कधी विचारलं नव्हतं. भागी मोडली नाही. कर्ज असलेल्याने नोकरी चालू ठेवली, संध्याकाळचे तास द्यायचं कबूल केलं आणि तेवढाच हिस्सा घेतला. हेच सहा महिन्यांनी उघडं पडलं असतं तर 'तू मला अर्ध्यात सोडलंस' असं झालं असतं.

तुम्हीही आधी हा कागद भरा. मग दोन-तीन महिन्यांचं एखादं छोटं काम एकत्र करा, पण खरं: खरं गिऱ्हाईक, खरे पैसे, ठरलेली तारीख. तारीख चुकायला लागली की मित्र गिऱ्हाइकाला फोन करतो की फोन उचलायचं टाळतो, तेवढं नीट बघा. माझ्या मते हुशारीपेक्षा ही एक गोष्ट जास्त सांगून जाते.

प्रश्न : कल्पना माझी आहे, काम दोघं करणार. हिस्सा निम्मा-निम्मा ठेवावा का?

कल्पनेची किंमत आपल्याला वाटते त्याहून कमी असते. पुढची सात-आठ वर्षं राबणार कोण, यावर हिस्सा ठरवा. दोघंही सारखेच राबणार असतील तर निम्मा-निम्मा हिस्सा चुकीचा नाही. मात्र दोघांची मतं दोन दिशांना गेली तर गाडं कसं हलणार, हे आधी ठरलेलं हवं. अ‍ॅपलची पहिली भागी १ एप्रिल १९७६ रोजी झाली तेव्हा ती तिघांची होती. स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझनियॅक यांचे ४५-४५ टक्के, तर वयाने वडील असलेल्या रोनाल्ड वेन यांचे १०. दोघांचं अडलं तर कौल वेन यांनी द्यायचा, अशी ती मांडणी होती. तुम्ही तिसरा भागीदार घ्यायलाच हवा असं नाही. पैशांच्या बाबतीत शेवटचा शब्द एकाचा, मालाच्या बाबतीत दुसऱ्याचा, अशी वाटणी केली तरी बरंच निभावतं.

दुसरं, सगळा हिस्सा पहिल्या दिवशी कुणाच्याच हातात देऊ नका. रूढ पद्धत चार वर्षांची आहे. पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काही नाही, वर्ष भरलं की पाव हिस्सा, उरलेला पुढची तीन वर्षं दरमहा थोडा थोडा. यालाच 'व्हेस्टिंग' म्हणतात. हे बंधन भागीदाराइतकंच तुम्हालाही लागू करा, नाहीतर त्याला ते अपमानासारखं वाटेल, आणि त्याचं चुकणार नाही.

प्रश्न : एक ओळखीचे गृहस्थ पैसे घालायला तयार आहेत, काम मात्र करणार नाहीत. त्यांना भागीदार करावं का?

आधी त्यांना विचारा, हे पैसे उसने म्हणून द्याल का? कर्ज फिटतं आणि विषय संपतो. हिस्सा एकदा दिला की तो परत मिळवायला तुम्हाला घाम गाळावा लागतो.

त्यांनाही एक गोष्ट मोकळेपणाने सांगा. साध्या भागीत एका भागीदाराने धंद्यासाठी केलेलं कर्ज सगळ्यांवर येतं आणि वसुली घरादारापर्यंत जाऊ शकते. वेन याच भीतीने १२ एप्रिललाच बाहेर पडले. उधारीवर सुटे भाग घ्यायचे होते, तिघांपैकी मालमत्ता त्यांच्याच नावावर होती, म्हणून त्यांनी हिस्सा सोडला आणि ८०० डॉलर घेतले. आज लोक त्यांना हसतात. मला ते पटत नाही. ज्याला जोखीम सोसणार नाही त्याने वेळीच बाजूला होणं सगळ्यांच्याच भल्याचं असतं. काम न करणाऱ्याला हिस्साच द्यायचा असेल, तर जबाबदारी घातलेल्या भांडवलापुरती राहील असा कायदेशीर प्रकार निवडा. त्यासाठी वकिलाकडे जाच.

प्रश्न : नवरा-बायकोने एकत्र धंदा करावा का?

जरूर करावा, पण घरातली एक कमाई धंद्याबाहेरची राहील तोवर. दोन्ही पगार एकाच टोपलीत गेले की प्रत्येक वाईट महिना स्वयंपाकघरापर्यंत येतो.

प्रश्न : करार लिहू या म्हटलं तर समोरच्याला अविश्वास वाटेल. विषय काढायचा कसा?

'उद्या मला काही झालं तर माझ्या घरच्यांशी तुला काय करावं लागेल, ते लिहून ठेवू या.' असं म्हणून बघा. सुरुवात स्वतःपासून केली की समोरचा दुखावत नाही, आणि हा प्रश्न खराही आहे. करारात वेगळं काही नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने साधी भागी बहुतेक ठिकाणी मोडते.

मग बाकीचं ओघाने येतं. खात्यावर सह्या कुणाच्या, किती रकमेपुढे दोघांच्या लागतील, दरमहा कोण किती उचलणार. बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी काढायची, हे कलम मात्र घाईत लिहू नका. एक जुनी रीत अशी: एकाने किंमत सांगायची आणि त्या किमतीला घ्यायचं की विकायचं, ते दुसऱ्याने ठरवायचं. किंमत सांगणारा आपोआप सरळ वागतो. पण एकाकडे पैसा आणि दुसऱ्याकडे नाही, असं असेल तर पैसेवाला कमी किंमत सांगून धंदा बळकावू शकतो. म्हणून त्याच कलमात लिहा, की दुसऱ्याला रक्कम उभी करायला सहा महिने मिळतील आणि ती हप्त्यांनी देता येईल.