जाहिरातीआधी दुकानाचा हिशोब मांडा

कणकवलीच्या एका ताईंचं पत्र आहे. नवरा-बायको मिळून बाजारपेठेत तयार कपड्यांचं दुकान चालवतात. 2022-23 मध्ये वर्षाची विक्री 38 लाख होती, 2024-25 मध्ये ती 29 लाखांवर आली. मुंबईच्या भाच्याने चार लाखांचा बेत दिला आहे: नवा बोर्ड आणि लाइटिंग दीड लाख, हायवेवर सहा महिने होर्डिंग 1 लाख 20 हजार, रील्स आणि फेसबुकच्या जाहिराती 60 हजार, गणपतीत लकी ड्रॉ 70 हजार. त्यासाठी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली सहा लाखांची एफडी मोडावी की सोनं गहाण ठेवावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, आज तरी दोन्ही करू नका. कारण तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंय, "गिर्‍हाईक येता, हात लावन बघता आणि जाता." म्हणजे माणसं दुकानाची पायरी चढतायत. जाहिरात जास्तीत जास्त काय करेल, तर आणखी माणसं पायरीपर्यंत आणेल. आत आलेला रिकाम्या हाताने का जातो हे कळलं नसेल, तर चार लाख खर्चून परत जाणार्‍यांची संख्या तेवढी वाढेल.

आता तुम्ही दिलेले आकडे महिन्यावर आणू. 29 लाख म्हणजे महिन्याला सुमारे 2 लाख 42 हजारांची विक्री. सरासरी मार्जिन, म्हणजे विक्रीतून मालाची खरेदी वजा जाता उरणारा भाग, 24 टक्के धरलं, तर हातात 58 हजार येतात. भाडं 14 हजार, कामाच्या दोन मुलींचे पगार 20 हजार, वीज 4 हजार, पाच लाखांच्या कॅश क्रेडिटचं (दुकानासाठी बँकेने दिलेलं, ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज) व्याज साधारण 4,600 आणि किरकोळ 3,400. एकूण खर्च 46 हजार. उरतात 12 हजार, आणि घरखर्चाला तुम्ही गल्ल्यातून 30 हजार उचलता. हे 18 हजार दर महिन्याला कुठून येतात? व्यापार्‍यांच्या थकलेल्या बिलांतून आणि काठोकाठ भरलेल्या कॅश क्रेडिटमधून. दुकान स्वतःचा खर्च अजून भागवतंय, ही यातली दिलाशाची गोष्ट. घर मात्र त्यातून चालत नाही. 38 लाख विक्री होती तेव्हा याच हिशोबाने 30 हजार उरत होते आणि घरखर्च बरोबर भागत होता. म्हणून ओढाताण तेव्हा जाणवली नाही.

याच मार्जिनने जाहिरातीचे चार लाख नुसते वसूल व्हायला 16 लाख 67 हजारांची जादा विक्री लागेल. म्हणजे आजच्या वर्षभराच्या विक्रीच्या निम्म्याहून जास्त. एका होर्डिंगने आणि काही रील्सने हे होईल असं मला अजिबात वाटत नाही. त्यातही उड्डाणपूल झाल्यापासून गोव्याची गाडी वरून निघून जाते, ती शर्ट घ्यायला खाली उतरत नाही. तुमचं गिर्‍हाईक एसटीने किंवा रिक्षाने बाजाराला येणारं, आसपासच्या गावांतलं आहे. होर्डिंग बघणारा माणूस वेगळाच.

"गणपतीत दुकान भरलं होतं, तरी हाती काही राहिलं नाही," असंही तुम्ही लिहिलंय. त्याच ओळीत पुढे सरसकट 10 टक्के सूट दिल्याचा उल्लेख आहे. 100 रुपयांच्या कपड्याची खरेदी 76 ची. 90 ला विकला की 24 च्या जागी 14 रुपयेच सुटतात. तेवढेच पैसे मिळवायला 71 टक्के जास्त कपडे विकावे लागतात. गर्दी झाली, पण एवढी झाली नसणार. लकी ड्रॉ हा त्याच वाटेवरचा आणखी एक खर्च.

एका आकड्याने तुम्ही विनाकारण घाबरलात, तो बाजूला काढते. 2025 च्या सप्टेंबरची विक्री आदल्या सप्टेंबरच्या निम्मी झाली, असं तुम्ही म्हणता. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. चाकरमानी आणि गावकरी, दोघांचीही खरेदी ऑगस्टमध्येच उरकली. कोकणातल्या दुकानाने इंग्रजी महिन्याला महिना लावून बघू नये. चतुर्थीआधीचे तीस दिवस आदल्या वर्षीच्या चतुर्थीआधीच्या तीस दिवसांशी ताडून बघा. यंदा, 2026 मध्ये, चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, त्यामुळे ऑगस्टची विक्री कमी दिसेल. तेव्हा धीर सोडू नका. वर्षाची घट मात्र खरी आहे, तिचं कारण शोधायलाच हवं.

माझा संशय मालावर आहे. दुकानात 14 लाखांचा माल आहे आणि वर्षभरात विकला जाणारा माल खरेदीच्या दराने 22 लाखांचा. म्हणजे साडेसात महिने पुरेल एवढा माल पडून आहे, तरीही "साइज नाही" म्हणून गिर्‍हाईक परत जातं, असं तुमच्या कामाच्या मुली सांगतात. फोंडाघाट चढून कोल्हापूरच्या गांधीनगरला जायचं आणि व्यापार्‍याच्या स्कीमसाठी गठ्ठेच्या गठ्ठे उचलायचे, ही तुमची पद्धत. गठ्ठ्यात येणारे सगळे साइज इथे सारखे खपत नाहीत. खपणारे पंधरा दिवसांत संपतात, उरलेले माळ्यावर जातात. म्हणून एक दिवस दुकान बंद ठेवून माल मोजा आणि वर्षापेक्षा जुना माल वेगळा काढा. समजा तो चार लाखांचा निघाला आणि खरेदीपेक्षा पाव किमतीने कमी मिळाले, तरी तीन लाख रोख हातात येतात. ते कॅश क्रेडिटमध्ये भरले की महिन्याला साधारण 2,750 रुपये व्याज वाचेल आणि नव्या खरेदीसाठी लिमिट मोकळं होईल. तोटा सोसून विकणं जिवावर येतं, हे मला समजतं. पण तो पैसा माळ्यावर आधीच अडकलेला आहे.

काउंटरवर एक साधी वही ठेवा. चार आठवडे, आठवडा बाजाराचा दिवस धरून, कोण आलं, घेतलं की नाही, नसेल तर काय कारण: साइज, दर, रंग, की उधारी नाकारली. मुलींना सांगा, यात कुणावर ठपका नाही, नाहीतर त्या खरं लिहिणार नाहीत. 2 लाख 60 हजारांच्या उधारीची यादीही याच महिन्यात करा. सहा महिन्यांहून जुनी असेल तिथे स्वतः जाऊन मागा. फोनवर कुणी देत नाही.

वही काय सांगते त्यावर पुढचं ठरेल. दहापैकी सहा-सात जण खरेदी करून जात असतील, पण मुळात येणारेच कमी असतील, तर माझा संशय चुकीचा आणि भाच्याचं म्हणणं बरोबर. मग 15-20 हजारांत एसटी स्टँडजवळ एक बोर्ड आणि जुन्या गिर्‍हाइकांना व्हॉट्सअ‍ॅप एवढंच करून बघा. त्याने किती नवी माणसं आली हे वहीत दिसेल. दिसलं तर पुढचा पैसा. दहापैकी सात-आठ परत जात असतील, तर आधी खरेदीची पद्धत बदला.

एफडी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. तो प्रश्न छोटा आहे. मोठा प्रश्न असा, की जूनमध्ये कॉलेजची फी भरायची तारीख पुढे ढकलता येत नाही. सोनेतारणाच्या बर्‍याच योजनांत वर्ष संपताच मुद्दल आणि व्याज एकदम भरावं लागतं, आणि दर महिन्याला 18 हजार कमी पडणार्‍या दुकानातून ती रक्कम निघणार नाही. दागिन्यांचा लिलाव झालेली घरं मी पाहिली आहेत. तुमच्या घरावर ती वेळ येऊ नये, म्हणून एवढं स्पष्ट लिहिते आहे.

घरखर्चाचे 30 हजार आजपासून वेगळ्या खात्यात पगारासारखे घ्या, जमल्यास काही महिने 25. भाडेकराराचं नूतनीकरण येतंय, तेव्हा मागची अर्धी जागा मालकाला परत देऊन भाडं कमी होतं का ते विचारा. माळा रिकामा झाला की तेवढी जागा लागणार नाही. आणि भाच्याला नाराज करू नका. त्याला मोबाइल चांगला हाताळता येतो. माळ्यावरच्या कपड्यांचे साइज आणि किमतीसह फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकायचं काम त्याला द्या, त्या कामाला पैसे लागत नाहीत. चार आठवड्यांनी वहीतले आकडे मला पाठवा. गणपतीची खरेदी काय आणि किती करायची, ते त्यावरून ठरवू. तोपर्यंत गांधीनगरची फेरी नको.