वेल वाळलीय, कंद नाही

प्रश्न: ताई, माझं माहेर पन्हाळ्याकडं. यंदा जूनमध्ये भावानं शेताचा एक बांध काढायला जेसीबी लावला. त्या बांधावर आई आम्हाला लहानपणापासून दाखवायची ती कंदिलासारख्या फुलांची वेल होती. मी घाईघाईनं दोन कंद उचलून आणले आणि कुंडीत लावले. श्रावणात छान फुलं आली. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली आणि आता सगळी वेल वाळून गेलीय. रोज पाणी घालतेय पण काहीच हालचाल नाही. मेली का हो? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: आधी पाणी थांबवा, आजच! वेल मेलेली नाही, झोपलीय. कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया, आणि आपल्याकडच्या त्याच्या बहुतेक जाती अशाच, जूनच्या पावसाबरोबर वर यायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचं, शेंगा धरायच्या आणि थंडीत वरचं सगळं वाळवून कंदात जाऊन बसायचं. माळावर तिला डिसेंबरपासून वळीव होईपर्यंत फारसं पाणी मिळत नाही, त्यामुळं तिला मारतं ते कोरडेपण नाही, आपलं रोजचं पाणी मारतं. माझी पहिली वेल अशीच गेली, फेब्रुवारीत बिचारी सुकली म्हणून मी तांब्या-तांब्या पाणी ओतत राहिले आणि मे महिन्यात कुंडी उकरली तर आत नुसता काळा चिखल. अजून वाईट वाटतं मला त्याचं.

आता एवढं करा. बोटानं माती हलकेच बाजूला सारून कंद दाबून बघा. घट्ट लागला तर काळजी नाही, परत झाका. एखाद्या बाजूला मऊ झाला असेल तर तेवढा भाग स्वच्छ सुरीनं काढा, कापलेल्या जागेला राख लावा, दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या आणि नव्या कोरड्या मातीत ठेवा. वाळलेली वेल ओढून काढू नका, कात्रीनं कापा. मग कुंडी जिन्याखाली नाहीतर पत्र्याच्या आडोशाला ठेवायची आणि वरून बारीक जाळी बांधायची, कारण उंदरांना हा कंद फार आवडतो. माळावर साळिंदर आणि रानडुक्कर उकरून खातात, गुराखी पोरंही खायची, विचारा आईला.

मे महिन्यात वळीव झाला की कुंडी बाहेर काढा. माती बदलायची तर तेव्हाच. नदीकाठची काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून ठेवते. निम्मी तांबडी माती, उरलेल्या निम्म्यात जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि कुजलेला पालापाचोळा, बस. युरिया वगैरे काही नको. कुंडी मातीची असू दे, खाली भोक मोठं, कंद दोन बोटं खोल, कोंबाची बाजू वर. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी जागा बघा. आणि आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस झड लागते तेव्हा कुंडी वळचणीला सरकवा. माळावर कितीही पाऊस पडला तरी जांभ्याच्या फटीतून पाणी निघून जातं, कुंडीतून जात नाही. वेल चढायला तुरकाठीच्या दोन काटक्या पुरतात.

आणि एक, तुम्ही तो कंद उचललात ते फार चांगलं केलंत. भावाला विचारा, दुसरा बांध तरी राखतो का.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. ट्रेकला मसाई पठारावर गेलो होतो तेव्हा कंदीलपुष्प बघितलं, एकदम भारी वाटलं. पुढच्या वेळी दोन-तीन कंद आणले तर चालतील का? एवढ्या मोठ्या पठारावर काय कमी पडणार? (एक विद्यार्थी, कळंबा)

उत्तर: नाही चालणार, आणि तुला फूल आवडलं म्हणूनच सांगते. वरच्या ताईंचा बांध जेसीबीखाली जाणारच होता, पठारावरचा कंद कुणी मोडायला निघालेलं नाही. भारतात सेरोपेजियाच्या पन्नासच्या वर जाती आहेत, त्यातल्या कितीतरी फक्त सह्याद्रीत सापडतात, काही तर मोजक्याच डोंगरांवर. तुला दिसलेली त्यातली कुठली हे ओळखता येणार आहे का? एक कंद म्हणजे पूर्ण झाड, तो काढला की त्या जागी पुढच्या वर्षी काही उगवत नाही. शिवाय वनखात्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय झाडं उपटणं गुन्हा आहे.

त्यापेक्षा आपल्या शिवाजी विद्यापीठात जा. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागानं प्रा. श्रीरंग यादव यांच्या पुढाकारानं या फुलांवर वर्षानुवर्षं काम केलंय, बागेत कितीतरी जाती जपल्यात. ऑगस्टमध्ये रीतसर विचारून बघायला जा. घरी लावायचीच असेल तर कुणाच्या कुंडीतल्या वेलीच्या बिया माग. ताज्या बिया लवकर उगवतात, नुसत्या ओल्या मातीवर टाकून वरून चिमूटभर वाळू भुरभुरायची. पहिल्या वर्षी फूल बहुतेक येत नाही, दाण्याएवढा कंद तयार होतो, तोच जपायचा.

प्रश्न: माझ्या वेलीला फुलं भरपूर येतात पण सगळी गळतात, शेंग एकही नाही. मावा पण पडतो. (एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर: मावा म्हणजे पिवळा असणार, रुईवर पडतो तोच, कारण ही वेल रुईच्याच कुळातली. ओल्या बोटांनी पुसून काढा, पण औषध मारू नका, तिथंच तुमच्या शेंगांचं उत्तर आहे. या फुलाच्या नळीत आतून खाली वळलेले केस असतात. वासानं बारीक माश्या आत शिरतात आणि केसांमुळं परत वर येता येत नाही. मग केस सुकले की त्या पराग घेऊन सुटतात आणि दुसऱ्या फुलात जातात. फवारा मारला की माश्याच राहत नाहीत, मग शेंग धरणार कशी? माश्या असल्या तरी बरीच फुलं गळतातच, ते मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडं एकच कुंडी होती तोवर शेंग नव्हती, मैत्रिणीकडच्या बियांची दुसरी वेल शेजारी फुलली त्या वर्षी दोन जोड्या धरल्या.

शेंगा जोडीनं येतात, शिंगांसारख्या. पिवळट व्हायला लागल्या की जुन्या साडीच्या पातळ तुकड्याची पुरचुंडी सैल बांधा. रुईसारखाच रेशमी झुपका असतो प्रत्येक बीला, शेंग उकलली की अर्ध्या तासात सगळ्या बिया शेजाऱ्यांच्या टेरेसवर! जमल्या तर कळंब्याच्या त्या पोरासाठी चार बिया आमच्याकडं पाठवा, मी पोचवते.