देखरेख ब्राउझरवर की ब्राउझरमधून?

प्रश्न असा आला आहे: एका वेब ॲप्लिकेशनमध्ये 'ब्राउझर परफॉर्मन्स मॉनिटरिंग' बसवलंय आणि त्याची माहितीपुस्तिका मराठीत करायची आहे. भाषांतरात 'ब्राउझर कार्यप्रदर्शन संनियंत्रण' असं आलंय. हे चालेल का?

माझं मत, चालू नये. हिंदीत 'प्रदर्शन' म्हणजे कामगिरीसुद्धा. मराठीत मात्र प्रदर्शन भरतं, ते चित्रांचं नाहीतर फुलांचं. 'संनियंत्रण' हा शब्द सरकारी मराठीत रुळलाय, संनियंत्रण समित्याही असतात, पण त्याच्या पोटात नियंत्रण आहे. या मॉनिटरिंगसाठी पानात एक स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, घातलेली असते; ती कशावरच नियंत्रण ठेवत नाही. पान उघडताना कशाला किती वेळ लागला याची नोंद ब्राउझर स्वतःच करत असतो. स्क्रिप्ट ती नोंद ब्राउझरच्याच 'परफॉर्मन्सऑब्झर्व्हर' या सोयीकडून घेते आणि माणूस टॅब बदलून निघाला की 'सेंडबीकन' या दुसऱ्या सोयीने सर्व्हरकडे धाडते. म्हणून 'देखरेख' बरा. 'पाळत' नको. पाळत संशयितावर असते, देखरेख आपल्या जबाबदारीतल्या कामावर.

खरी मेख शब्दयोगी अव्ययात आहे. इंग्रजीत तीन नामं नुसती शेजारी बसवली की भागतं. मराठीत त्यांचं नातं सांगावंच लागतं. 'ब्राउझरवर देखरेख' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार, मी काय काय उघडतोय ते कुणीतरी बघतंय. आपण तर आपल्याच पानाचा वेग मोजतोय, फक्त मोजण्याची जागा त्याचा ब्राउझर आहे. तेव्हा 'ब्राउझरमधून पानाच्या वेगावर देखरेख'. एका '-मधून'ने केवढा गैरसमज टळतो! आणि स्क्रिप्ट जर माणसाची प्रत्येक हालचाल टिपून ठेवणार असेल, तर तिथे 'देखरेख' हा सौम्य शब्द वापरूच नये. ते सरळ सांगावं आणि परवानगी घ्यावी.

आता 'परफॉर्मन्स'. शीर्षकात 'वेग' चालेल, आत मात्र त्याची फोड करा, कारण लोक ती रोज करतातच. एका अर्जाच्या पानावर मी ही देखरेख बसवली, त्याच्या आदल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला होता: "पान उडी मारतंय हो." झालं होतं असं, की मोबाइल क्रमांक भरून त्या 'पुढे' दाबायला गेल्या, तेवढ्यात वर उशिरा आलेली सूचनापट्टी उघडली, सगळं खाली सरकलं आणि बोट पडलं 'मागे'वर. तांत्रिक भाषेत हे सीएलएस, पानाचा वेग जोखण्याच्या गूगलच्या मापांपैकी एक, आणि त्याचा आकडा ०.१ च्या आत हवा. 'संचयी मांडणी विस्थापन' असं लिहिण्यापेक्षा 'पान उडी मारणं' लिहा, कंसात सीएलएस. तसंच एलसीपी म्हणजे 'मुख्य मजकूर दिसायला लागलेला वेळ', २.५ सेकंदांच्या आत. आयएनपी म्हणजे 'दाबल्यावर हलायला लागलेला वेळ', २०० मिलिसेकंदांच्या आत. मार्च २०२४ मध्ये एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आयएनपी आलं. एफआयडी फक्त पहिल्यांदा दाबल्यावर ब्राउझर त्यावर काम सुरू करेपर्यंतचा खोळंबा मोजायचं, आयएनपी पूर्ण भेटीतल्या दाबण्यांकडे बघतं. जुनी पुस्तिका समोर ठेवून काम करत असाल तर तेवढं बदला.

हे आकडे सरासरीचे नाहीत. शंभरातल्या पंचाहत्तर भेटी त्या मर्यादेत बसल्या तर पान चांगलं. 'पंचाहत्तरावं शतमान' बरोबर आहे, पण 'चारातल्या तीन भेटी' लगेच कळतं.

राहिलं सॅम्पलिंग. गर्दीच्या पानावर सगळ्या भेटींची नोंद बहुधा ठेवत नाहीत, शंभरातल्या दहा वगैरे उचलतात. 'नमुना' पुरेसा आहे, आणि समजवायला शितावरून भाताची परीक्षा आहेच. फक्त शितं पातेल्याच्या सगळ्या बाजूंनी घ्यायची. कार्यालयातल्या वायफायवरच्याच भेटी उचलल्या, तर एसटीत बसून डळमळत्या नेटवर्कवर अर्ज भरणारा माणूस नोंदीत येणारच नाही.

पुस्तिकेचं पहिलं वाक्य मी असं करीन: 'हे पान तुमच्या ब्राउझरमध्ये किती वेळात उघडतं आणि दाबल्यावर किती लवकर हलतं, याची आम्ही नोंद ठेवतो; तुम्ही अर्जात काय लिहिता, याची नाही.' दुसरा भाग खरा असेल तरच छापा. त्यासाठी आधी स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये पानाच्या वेबपत्त्यातले (यूआरएल) अर्ज क्रमांक गाळले जातात का, ते तपासून घ्या.