वाचकांचे प्रश्न : चिलर घ्यावा की फेज-चेंज?

प्रश्न : माझ्या संगणकाचा प्रोसेसर पूर्ण भारावर २५० वॉट आणि ग्राफिक्स कार्ड ३५० वॉट घेतं. रोज आठ-दहा तास रेंडरिंग चालतं. रेडिएटरच्या वॉटर कूलिंगने आता भागत नाही. वॉटर चिलर घ्यावा की फेज-चेंज यंत्र?

उत्तर : चिलर घ्या. या वापरासाठी फेज-चेंजच्या वाटेला जाऊ नका.

दोन्हींच्या पोटात फ्रिजचंच तंत्र असतं : कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, कॅपिलरी ही बारीक नळी आणि गॅस उकळून गार होणारा इव्हॅपोरेटर. फरक पडतो तो इव्हॅपोरेटर कुठे बसतो यामुळे. फेज-चेंजमध्ये तो तांब्याचा ठोकळा होऊन थेट प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो आणि त्याच्या आत गॅस उकळतो. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, वातावरणाच्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतो. आर-४०४ए उणे ४६ च्या आसपास. त्यामुळे नीट जमवलेलं एकटप्पी यंत्र भाराखालीही उणे ३० अंश टिकवू शकतं. चिलरमध्ये इव्हॅपोरेटर पाणी थंड करतो आणि ते पाणी चिपवर बसणाऱ्या नेहमीच्याच वॉटर ब्लॉकमधून फिरतं.

तुमच्याकडे तापणाऱ्या चिपा दोन आहेत आणि फेज-चेंजचा एक ठोकळा एकच चिप सांभाळतो. म्हणजे ३५० वॉटचं कार्ड उघडंच राहिलं. पाण्याच्या फेऱ्यात मात्र दोन काय, तीन ब्लॉकही बसतात.

त्याहून मोठी अडचण कॅपिलरीची आहे. तिची लांबी आणि भोक एका ठरावीक भाराला जुळवलेलं असतं, समजा २०० वॉटला. रेंडरिंग थांबून प्रोसेसर ३० वॉटवर आला की ठोकळ्यात सगळा गॅस उकळत नाही, उरलेला द्रवरूपातच परत जातो. परतीच्या नळीवरचं हिम हळूहळू सरकत कॉम्प्रेसरपर्यंत पोचलेलं दिसलं, तर तेच घडतंय असं समजा. कॉम्प्रेसरला वायू दाबता येतो, द्रव नाही. व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात त्या इथेच. चिलरमध्ये हे चढउतार टाकीतलं पाणी पोटात घालतं.

चिलरकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. पाणी १० अंशांनी उतरलं तर चिपही साधारण तेवढीच उतरते. चिप आणि पाणी यांच्यातला फरक ब्लॉक, पेस्ट आणि प्रोसेसरचं झाकण ठरवतात, त्यात चिलर काही करू शकत नाही. ब्लॉक नीट बसलेला नसेल तर आधी तो बसवा. कदाचित चिलरची गरजच उरणार नाही.

आणि उष्णता नाहीशी होत नाही, ती खोलीतच येते. संगणकाचे ६०० वॉट आणि कॉम्प्रेसरचे समजा ३०० मिळून ९०० वॉटचा हीटर झाला. चिलर भिंतीपलीकडे ठेवता आला तर उत्तम. नळ्या लांबतात, म्हणून पंप जास्त हेडचा, म्हणजे जास्त दाब देणारा, लागेल.

प्रश्न : चिलर पाव हॉर्सपॉवरचा पुरेल का? टाकी केवढी ठेवावी?

उत्तर : हॉर्सपॉवर हा कॉम्प्रेसरच्या मोटरचा आकडा आहे, थंड करण्याच्या ताकदीचा नव्हे. थंडाव्याचे वॉट विचारा आणि ते पाण्याच्या कोणत्या तापमानाला दिलेत तेही विचारा. पाणी जितकं गार मागाल तितकी ताकद घटते. ६०० वॉटच्या भाराला, पंपाची आणि नळ्यांतून शिरणारी उष्णता धरून, हव्या त्या तापमानाला ९०० वॉट देणारा चिलर घ्या.

हाती असलेल्या चिलरची खरी ताकद घरीच मोजता येते. १० लिटर पाणी घ्या, संगणक न जोडता फक्त पंप आणि चिलर चालवा आणि पाणी २५ वरून २० अंशांवर यायला किती वेळ लागतो ते पाहा. एक लिटर पाणी एक अंशाने उतरवायला सुमारे ४.२ किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे इथे एकूण २१० किलोज्यूल. ७ मिनिटं, म्हणजे ४२० सेकंद लागले तर ताकद ५०० वॉट झाली. हीच चाचणी तुम्हाला हव्या त्या तापमानाभोवती केलीत तर आकडा अधिक कामाचा.

टाकीचा हिशेब कॉम्प्रेसरच्या विश्रांतीवरून करा. बंद झालेल्या कॉम्प्रेसरला दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर तो घरघरतो, उचलत नाही आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याचा संरक्षक स्विच, पडतो. थर्मोस्टॅटचा फरक २ अंश असेल तर ६०० वॉटला १० लिटर पाणी १४० सेकंदांतच तेवढं तापतं. २० लिटर ठेवलं तर २८० सेकंद मिळतात. तेव्हा २० लिटर.

प्रश्न : चिलर १२ अंशांवर लावला आहे. अर्ध्या तासात फिटिंगवर थेंब दिसतात. नळीला गळती नाही. काय करावं?

उत्तर : ते हवेतलं पाणी आहे. खोली ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २१ अंश येतो. २५ अंश आणि ५० टक्क्यांना सुमारे १४. त्याखालच्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरणारच. थेंब आधी धातूच्या फिटिंगवर दिसतात, कारण जाड नळी स्वतःच थोडं झाकण घालते. काळजी मात्र न दिसणाऱ्या जागेची करा : मदरबोर्डची सॉकेटमागची बाजू.

सोपा उपाय म्हणजे संगणकाशेजारी आर्द्रतामापक ठेवा आणि पाणी दवबिंदूच्या २ अंश वर ठेवा. रोजच्या कामाला आमची पसंती यालाच आहे. १२ अंशच हवे असतील तर सगळं खोलून, वाळवून लपेटावं लागेल. बंद पेशींचा रबर फोम घ्या, नळ्यांना किमान १० मिलिमीटर जाडीचा, आणि प्रत्येक सांधा चिकटवा. साधा स्पंज चालत नाही, तो पाणी पिऊन बसतो. सॉकेटभोवतीच्या फटी वीज न वाहणाऱ्या ग्रीसने भरा आणि मागूनही फोम दाबून लावा. हेतू गार जागेपर्यंत हवा पोचू न देणं हा आहे. एक फट राहिली तरी दव आत शिरतं.

बंद करताना आधी चिलर थांबवा, पंप आणि संगणक चालू ठेवा. पाणी दवबिंदूच्या वर आलं की मग संगणक बंद करा.

प्रश्न : जुनं फेज-चेंज यंत्र मिळालं आहे. रिकाम्यावर उणे ४० दाखवतं, पण भार दिला की प्रोसेसरचं तापमान चढतच जातं. गॅस भरून घ्यावा का?

उत्तर : थांबा, आधी दोन आकडे शेजारी ठेवून पाहा : ठोकळ्यावरच्या सेन्सरचा आणि प्रोसेसरचा. ठोकळा उणे ३५ वर टिकून असेल आणि प्रोसेसरच चढत असेल, तर गॅसचा संबंध नाही. ठोकळा तिरका बसलाय किंवा पेस्ट थंडीत कडक झालीय. ठोकळाच चढत असेल तर भार यंत्राच्या ताकदीबाहेर आहे, कंडेन्सर धुळीने बुजलाय किंवा गॅस कमी आहे. याच क्रमाने तपासा, कारण धूळ झाडायला काही लागत नाही.

गॅसचं काम जुना गॅस काढून घेणारं रिकव्हरी यंत्र आणि व्हॅक्यूम पंप असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या. आतला गॅस आर-२९० असेल तर तो पेट घेतो, हे त्याला आधी सांगा.

प्रश्न : चिलरच्या पाण्यात ग्लायकोल घालणं गरजेचं आहे का?

उत्तर : ५ अंशांच्या वर नाही, डिस्टिल्ड पाणी आणि शेवाळ न धरणारं द्रव्य पुरे. त्याखाली जायचं तर ३० टक्के प्रोपिलीन ग्लायकोल घाला, ते साधारण उणे १३ पर्यंत गोठत नाही. उगाच जास्त घालू नका, द्रव दाट होऊन पंपाचा प्रवाह पडतो. प्रवाह थांबताच कॉम्प्रेसर बंद करणारा फ्लो स्विच मात्र कोणत्याही तापमानाला हवाच, कारण इव्हॅपोरेटरची भिंत पाण्याहून बरीच गार असते आणि थांबलेलं पाणी तिथेच गोठून तो फोडतं.