चौथीच्या वर्गात कुणाला भागाकार येतो, कुणाला संख्यावाचनही जमत नाही. एकाच तासाचं नियोजन आणि मूल्यमापन कसं करायचं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात रोज प्रत्येक विषयाच्या तीन कार्यपत्रिका काढल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कशीबशी टिकले. आता पाठ एकच घेते, काम तेवढं वेगळं देते, आणि तेही फक्त गणिताला आणि वाचनाला.

वजाबाकीचंच घ्या. पहिली दहा मिनिटं सगळा वर्ग एकत्र, आठवडी बाजारातला हिशेब: 52 रुपये होते, 17 ची भाजी घेतली. दोन-तीन जण फळ्यावर येऊन आपापली रीत दाखवतात. मग काहींना काड्या द्यायच्या, दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. एका गठ्ठ्याचं रबर सोडल्याशिवाय सात देताच येत नाहीत, हे आधी हाताला कळतं. मधली मुलं वहीत तीन अंकी गणितं करतात. पुढे गेलेल्यांना मी 5□2 − 178 = 3□4 देते. एक उत्तर सापडलं की पोरं पेन्सिल खाली ठेवतात. तेव्हा सांगायचं, अजून आहेत, शोधा. एकूण आठ आहेत, आणि पहिल्या चौकटीत शून्य घालायचं बहुतेकांना सुचत नाही. हा गट वीस मिनिटं गुंतला की मला काड्यांपाशी बसायला मिळतं. माझा खरा स्वार्थ तोच.

संख्यावाचनाबद्दल एक. ‘पंचवीस’ ऐकून 52 लिहिणारं मूल गणितात कच्चं असेलच असं नाही. मराठीत पाच आधी ऐकू येतात आणि लिहायचे मात्र नंतर. ‘एकोणपन्नास’चे तर हमखास 59 होतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असंही वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मी आजही अडणाऱ्या मुलांकडून आधी ‘वीस पाच’ म्हणवून घेते, मग ‘पंचवीस’.

गटांना गुलाब, मोगरा अशी नावं देऊ नका. मोगरा म्हणजे ‘ढ’ हे मुलांना दोन दिवसांत कळतं. माझे गट कालच्या चिठ्ठीवरून ठरतात. वजाबाकीला काड्या घेऊन बसलेला मुलगा आकृत्यांच्या पाठात सगळ्यांच्या पुढे असतो.

ही चिठ्ठी म्हणजे माझं रोजचं मूल्यमापन. शेवटची पाच मिनिटं, सगळ्यांना एकच गणित. कित्येक वर्षं मी 63 − 28 द्यायचे. चुकणाऱ्यांचं उत्तर बहुतेकदा 45 यायचं, आणि मी सगळ्यांना सरसकट ‘दशक सुटा करायला विसरले’ म्हणून परत तेच शिकवायचे. एकदा एका मुलीला विचारलं, कसं केलंस गं? ती म्हणाली, “बाई, तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन काढले.” म्हणजे ती काही विसरलीच नव्हती! उसना घेतलेला दशक कमी करायला विसरणाऱ्याचंही उत्तर 45 च येतं. दोन वेगळे आजार, लक्षण एकच. तेव्हापासून 63 − 27 देते. बरोबर उत्तर 36. लहानातून मोठा जात नाही म्हणून उलटं करणारा 44 लिहितो, दशक विसरणारा 46, आणि बेरीज करून मोकळा होणारा 90. चिठ्ठ्या चार ढिगांत पडल्या की उद्याचे गट तयार.

आता गुणांचं. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात चौथीला आकारिकला, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला, 60 गुण आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, 40. संकलितचा लेखी पेपर सगळ्यांना एकच, तिथे फारसं काही करता येत नाही. पण साठमध्ये तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे. काड्यांवर बरोबर केलेली वजाबाकी मी प्रात्यक्षिकात धरते, बिनदिक्कत. नोंदीत ‘प्रगती समाधानकारक’ लिहीत नाही. ‘काड्यांवर जमते, वहीत दशक कमी करायला विसरतो’ असं लिहिते. एका अधिकाऱ्यांनी वही चाळून “एवढं कशाला लिहिता?” म्हटलं होतं. जूनमध्ये पाचवीच्या सरांनी तीच वही मागून नेली, अजून परत दिलेली नाही.