वाचकांचे प्रश्न : मुक्त, मोफत आणि विकतचे सॉफ्टवेअर

प्रश्न : आमच्या संस्थेच्या कार्यालयासाठी लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारे मुक्त सॉफ्टवेअर) घ्यावे, असे काही संचालक म्हणतात. बाकीच्यांचे म्हणणे, फुकटच्या वस्तूला वाली नसतो, व्यापारी सॉफ्टवेअरच बरे. नेमका फरक काय?
– संस्थेचे सचिव, सांगली

उत्तर : तुमच्या बैठकीत किंमत आणि परवाना यांची गल्लत झाली आहे. अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा केली. त्या चळवळीतून मुक्त सॉफ्टवेअरची जी व्याख्या पुढे आली, तिच्यात वापरणाऱ्याला चार अधिकार आहेत : प्रोग्रॅम हव्या त्या कामाला वापरणे, सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) वाचून त्यात बदल करणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. प्रत फुकट द्यावी असे त्यात कुठेही नाही. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे कामकाज सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे आणि कंपनी होस्टिंग (ते आपल्या सर्व्हरवर चालवून देणे) व सेवा विकून पैसे मिळवते. म्हणजे ते मुक्तही आहे आणि व्यापारीही. याउलट अ‍ॅक्रोबॅट रीडरला पैसे पडत नाहीत, पण त्याचा कोड बंद आहे आणि त्यात बदल करण्याची परवानगी कोणालाच नाही. ते मोफत असूनही मालकीचे आहे.

वालीबद्दल बोलायचे तर मालकीच्या सॉफ्टवेअरला एकच वाली असतो. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोजचा कोड हाती नसल्याने ते काम दुसरी कंपनी पुढे चालवू शकत नाही. ओपनऑफिस या मुक्त ऑफिस-पॅकेजचे उलट झाले. २०१० मध्ये ते ओरॅकल कंपनीकडे गेल्यावर बऱ्याच प्रोग्रॅमरनी तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडली. तेच लिब्रेऑफिस. वापरणाऱ्यांच्या फाइली जशाच्या तशा उघडत राहिल्या.

मात्र परवान्याचे पैसे वाचले म्हणजे खर्च शून्य झाला, असे ठरावात लिहू नका. स्थानिक तंत्रज्ञाचे वार्षिक मानधन आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांची तरतूद हवी. बदल करण्यापूर्वी तुमच्या सर्वांत गुंतागुंतीच्या एक्सेल फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहा. साधी सूत्रे सहसा चालतात, मॅक्रो (फाइलीत लिहून ठेवलेले छोटे प्रोग्रॅम) अडतात. असे मॅक्रो मोजकेच असतील तर ते नव्याने लिहून घ्या. रोजचे काम त्यांच्यावरच चालत असेल, तर त्या एका टेबलापुरता विकतचा परवाना ठेवण्यात काहीही गैर नाही.

प्रश्न : आमच्या छापखान्यात दिवाळी अंकांच्या जुन्या फाइली एका मराठी डीटीपी पॅकेजच्या फॉन्टमध्ये आहेत. पॅकेज डोंगलवर (संगणकाला जोडायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालते. डोंगल अधूनमधून संगणकाला दिसत नाही. मुक्त सॉफ्टवेअरकडे कसे वळावे?
– मुद्रक, कोल्हापूर

उत्तर : डोंगल चालू आहे तोवरच पहिले काम उरका : प्रत्येक अंकाची फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच बसवलेली, पीडीएफ काढा. पुढे काहीही झाले तरी पाने वाचता येतील.

अडचणीचे मूळ असे की, जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाइलमध्ये मराठी मजकूर नसतोच, असतात ती इंग्रजी चिन्हे. फॉन्ट गेला की उरते ती निरर्थक अक्षरांची रास. युनिकोड या सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत आणि त्या सगळ्यांसाठी सारख्याच, कोणत्याही कंपनीच्या ताब्यात नसलेल्या.

म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये आणा. तो बाहेर काढताना मथळे आणि मूळ मजकूर वेगळे ठेवा. त्यांचे फॉन्ट वेगळे असतील तर रूपांतराचा तक्ताही वेगळा लागतो. परिच्छेदातले इंग्रजी शब्द आधीच खुणा करून बाजूला काढा, नाहीतर त्यांचेही देवनागरीत भजे होते. मग एकच पान रूपांतरित करून तपासा. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाइलीत अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. रफार बरोबर उलटा. त्यामुळे ‘स्थिती’, ‘आर्थिक’, ‘निर्मिती’ हे शब्द हमखास बिघडतात. त्याहून घातक म्हणजे ‘ऱ्य’चा ‘र्य’ होणे. ‘आचाऱ्याला’चे ‘आचार्याला’ झाले, तर स्वयंपाक्याचा गुरू होतो आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन-तपासनीस गप्प बसतो. ‘र्य’ शोधून प्रत्येक जागा मुद्रितशोधकाने डोळ्यांनी पाहावी, याला पर्याय नाही.

फॉन्टसाठी मुक्ता, लोहित किंवा टिरो देवनागरी मराठी वापरा. तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. छापील अंक विकायला, पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करायला परवानगी लागत नाही. फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समधील भाषांच्या विभागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी मराठी निवडा. भाषा हिंदी राहिली, तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात.

पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण १.६ किंवा त्यापुढची आवृत्तीच घ्या. १.४ मध्ये जोडाक्षरे तुटतात. सीएमवायके (छपाईचे चार रंग) आणि पीडीएफ-एक्स (छपाईसाठीची पीडीएफ) दोन्ही त्यात मिळतात. इनडिझाइन या विकतच्या मांडणी-सॉफ्टवेअरची मूळ फाइल ते उघडत नाही, ती आयडीएमएल या अदलाबदलीच्या स्वरूपात करून द्यावी लागते आणि तरीही मांडणी थोडी हलतेच. जुने अंक पुन्हा मांडत बसू नका. मजकूर ओडीटी या लिब्रेऑफिसच्या फाइल-स्वरूपात साठवा आणि नव्या अंकापासून स्क्रायबस सुरू करा.

प्रश्न : ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ने विनापरवाना चालू केलेली सॉफ्टवेअरची प्रत कार्यालयात ठेवली तर काय होते?
– वाचक, नाशिक

उत्तर : कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार, नियमभंगाची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अशी साधने आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. तिथेच थांबा.

प्रश्न : जीपीएल परवान्याची लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) वापरून दवाखान्यासाठी प्रोग्रॅम केला, तर तो विकता येईल का? कोड जगजाहीर करावा लागेल?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : विकता येईल. सोर्स कोड ज्या डॉक्टरांना प्रोग्रॅम दिला त्यांना द्यायचा, जगाला नाही. पण त्यांनी तो पुढे कोणाला दिला तर तुम्हाला अडवता येणार नाही. तेव्हा पैसे प्रतीचे न लावता बसवणी आणि देखभालीचे लावा. प्रोग्रॅम तुमच्याच सर्व्हरवर असेल आणि डॉक्टर ब्राउझरमधून वापरत असतील, तर सर्व्हरवरच्या कोडबाबत जीपीएलचे हे बंधन लागू होत नाही. लायब्ररी एजीपीएलची (सर्व्हरवरच्या वापरालाही लागू होणाऱ्या जीपीएलच्या प्रकाराची) असून तुम्ही तिच्यात बदल केले असतील, तर मात्र वापरणाऱ्यांना कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. एमआयटी आणि बीएसडी या सैल परवान्यांत मूळ कॉपीराइट-सूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की पुरते. पॅकेज लहान करताना नेमकी ती परवान्याची फाइलच काढली जाते, म्हणून प्रत्येक लायब्ररीचे नाव, आवृत्ती आणि परवाना यांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा.